बत्तीसचा अर्धा पाना

त्या वर्षी पावसाने रस्त्याची चाळण केली होती आणि ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे काटक्यांसारखे मोडत होते. गाडीवाल्यांना हा मोसम काळासारखा वाटायचा, गॅरेजवाल्यांना सुगीसारखा. पण धाकटीच्या दारात काही सुगी उतरत नव्हती. लंगडणाऱ्या गाड्या खडखडत यायच्या, त्यांच्या शेडसमोर जरा हळू व्हायच्या, आणि तीस पावलं पुढे जाऊन थोरल्या दिराच्या दाराशी थांबायच्या. मूळची ती एकच लांब शेड. मध्ये पत्रा ठोकून दोन केलेली. पत्र्यापलीकडे थोरल्याचा घण वाजायला लागला की इकडे धाकटीच्या हातून भांडी जरा जोरात आपटली जायची.

गाड्या पुढे का जायच्या, ते तिला चांगलं ठाऊक होतं. पाटे ज्या यू-बोल्टने अ‍ॅक्सलला आवळलेले असतात, त्याचे नट तीसचे नाहीतर बत्तीसचे. आणि सम आकड्याचे सगळे पाने थोरल्याकडे होते.

ही वाटणी मास्तरांची. मास्तर म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांचे मेहुणे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, हातात खडूशिवाय काही धरलं नाही. म्हातारा मिस्त्री, म्हणजे सासरे, गेल्यावर दोघा भावांचं एका छपराखाली पटेना, तेव्हा मास्तर मध्ये पडले. फरशीवर सगळी हत्यारं ओळीने मांडून त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "सम थोरल्याला, विषम धाकट्याला. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही." ट्रकला कुठला नट कुठे असतो हे मास्तरांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते दोघे एकमेकांकडे बघायला तयार नव्हते.

राहिले ते दोन तोंडांचे पाने. एका टोकाला सत्तावीस, दुसऱ्या टोकाला बत्तीस. एक टोक विषम, एक सम. दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. ह्यांनी करवत आणली. दोन दिवस अंगणात बसून दोघांनी असे नऊ पाने मधोमध कापले. त्यातच सासऱ्यांचा 'बगळा' गेला. अडचणीतल्या नटापर्यंत हात पोचावा म्हणून सासऱ्यांनी एक पाना भट्टीत तापवून दोन ठिकाणी वाकवला होता, बगळ्याच्या मानेसारखा. मग तेलात बुडवून त्याला असं पाणी दिलं होतं की वीस वर्षं त्याचं तोंड फाकलं नाही. त्या बगळ्याची बत्तीसची मान थोरल्याकडे गेली. सत्तावीसची ह्यांच्याकडे आली, आणि पिंपावरचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून झाकणावर वजन म्हणून बसली.

सासूचीही वाटणी तशीच झाली. सम महिने थोरल्याकडे, विषम महिने धाकट्याकडे. म्हातारी गाठोडं उचलून पत्र्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना दर वेळी म्हणायची, "अरे, माझाही नंबर कुठेतरी कोरून ठेवा, नाहीतर एक दिवस मलाही करवत लावाल."

दोन वर्षं झाली. दोन वर्षांत भाऊ भावाशी एक शब्द बोलला नव्हता.

त्या दिवशी सकाळी आठला डेपोचा ट्रक आला. भरलेला. मागच्या हौद्यात टोमॅटोच्या पेट्या छपरापर्यंत. पुढची चाकं सरळ आणि मागची भलतीकडे, असा तो खेकड्यासारखा तिरका चालत होता. थोरल्याच्या शेडमध्ये दुसरी गाडी जॅकवर चढवलेली होती, तिचं चाक काढून ठेवलेलं, आत जायला वाट नव्हती. म्हणून ट्रक इथे थांबला. डेपोचा मुकादम मोटरसायकलवरून मागोमाग आला. पोट सुटलेला, तोंडात सतत बडीशेप.

धाकटीचा नवरा गाडीखाली शिरला आणि तोंड काळं करून बाहेर आला. "पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटलाय. अ‍ॅक्सल दोन बोटं मागे सरकलाय. यू-बोल्ट सोडायचे, अ‍ॅक्सल जागेवर घ्यायचा, नवा बोल्ट टाकायचा, परत आवळायचं."

"किती वेळ?"

"तीन तास."

"चारपर्यंत घे," मुकादम म्हणाला. "चारला गाडी हलली नाही तर मालाचा रस्त्यातच रस्सा होईल. आणि ऐक. माझ्या आठ गाड्या आहेत. आठही सारख्या, आठांचे पाटे ह्या रस्त्याने खाल्लेत. मला एक माणूस पाहिजे, दोन नकोत. ही गाडी चारच्या आत सोडलीस तर वर्षभर आठही तुझ्याकडे. नाही सोडलीस तर," त्याने पत्र्याकडे मान हलवली, "तीस पावलं ढकलत नेऊ."

"आणि आमचा धंदा कायमचा बंद," नवरा हळूच म्हणाला.

"ते मी कशाला बोलू?"

ते बोलायची गरज नव्हती. गेल्या महिन्यात नवरा खडी केंद्रावर जाऊन आला होता. दगड फोडणाऱ्या मशीनपाशी माणूस हवा होता. तिथे काम करणाऱ्यांच्या पापण्याही पांढऱ्या होतात. धाकटीने तेव्हा विचारलं होतं, "मिस्त्रीचा मुलगा खडी भरणार?" त्यावर तो म्हणाला होता, "मिस्त्रीचा मुलगा विषम आकड्यांवर किती दिवस जगणार?"

अकरापर्यंत काम चांगलं चाललं. लाकडी ठोकळे लावून गाडीचा भार पाट्यांवरून उतरवला. गेल्याच आठवड्यात उसने पैसे काढून घेतलेला बत्तीसचा नवा पाना होताच. बाहेरचे दोन नट निघाले. आतला पुढचाही निघाला, जरा कुरकुरत. राहिला आतला मागचा.

तो नट एका बाजूने चासीला आणि दुसऱ्या बाजूने ब्रेकच्या डब्याला टेकून बसला होता. मध्ये जेमतेम तीन बोटांची फट. सरळ पाना नटावर बसायचा, पण फिरवायला गेलं की दांडा डब्यावर आपटायचा. नटावर टोपीसारखी बसणारी गोटी लावावी तर बोल्टचं शेपूट इतकं लांब की गोटी नटापर्यंत पोचायच्या आधीच तळाला टेकायची. गॅसने कापावा तर शेजारून ब्रेकचा पाइप गेलेला आणि हातभर अंतरावर डिझेलची टाकी. छिन्नी लावावी तर हातोडा मागे घ्यायला जागा नाही.

"पाइप पाना दे," नवरा गाडीखालून म्हणाला.

"त्याने कोपरे मरतील."

"दे म्हणतो ना!"

तिने दिला. दोन मिनिटांत नटाचे दोन कोपरे चोळले गेले. वरून टोमॅटोचं आंबट पाणी फळ्यांतून ठिबकत होतं, त्याच्या मानेवर, डोळ्यांत. त्याने शिवी घातली. कुणाला घातली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ड्रायव्हर सावलीत उकिडवा बसला होता. उंच, वाळका, तोंडाचा फटकळ. "मालक," तो म्हणाला, "म्हाताऱ्या मिस्त्रीकडे मी एकदा हीच गाडी आणली होती. एक वाकडा पाना होता त्यांच्याकडे. चहा संपेपर्यंत नट खाली."

त्याने मान लांब करून शेडमध्ये नजर फिरवली.

"कुठे गेला तो पाना?"

"अर्धा पिंपावर आहे," धाकटी म्हणाली. "बघायचाय?"

नवऱ्याने गाडीखालून तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड फिरवलं. राग तिला त्याचाच येत होता. पाना कापताना एक टोक ह्यानेच पायाखाली दाबून धरलं होतं. ती ओट्यावर उभी राहून ओरडत होती, "अहो, एवढा एक तरी राहू द्या." तेव्हा हा म्हणाला होता, "न्याय म्हणजे न्याय." आता न्याय पिंपावर बसला होता आणि हा चिखलात पालथा.

बाराला त्याने हट्टाने नवा पाना भट्टीत घातला. लाल झाल्यावर दोन ठिकाणी वाकवला. दिसायला हुबेहूब बगळा. पण पाणी कसं द्यायचं ते सासऱ्यांनी शिकवलं थोरल्याला. धाकट्याला शिकवलं हात चालवायला. हेसुद्धा वाटणीसारखंच. त्याने पाना बादलीत बुडवला, चर्र आवाज झाला, वाफ आली. नटावर बसवून सगळ्या अंगाने ओढला. पहिल्या ओढीला पान्याचं तोंड ओल्या मातीसारखं फाकलं, तो सटकला, आणि नवऱ्याची मूठ चासीच्या कडेवर आपटली.

आवाज इतका ओला होता की ड्रायव्हर उठून उभा राहिला.

तो बाहेर आला तेव्हा चार बोटांची सालं निघाली होती आणि मूठ बघता बघता सुजत होती. धाकटीने पाणी ओतलं, चिंधी बांधली. पत्र्यापलीकडून जावेचा आवाज आला. ती कुणाला तरी मुद्दाम मोठ्याने सांगत होती, "फरशी झाडून ठेवा गं, डेपोची गाडी यायचीय ढकलत."

"जा," नवरा म्हणाला. "मुकादमाला फोन कर. म्हणावं घेऊन जा."

"किती वाजलेत?"

"दीड. अजून नाक कापून घ्यायला अडीच तास आहेत."

"मी थोरल्या भाऊजींकडे जाते."

"जाशील तर परत ह्या दारात येऊ नकोस."

"दार तरी राहणार आहे का?" ती म्हणाली आणि निघाली. अंगात नवऱ्याचाच जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला ग्रीस. तीस पावलं. दोन वर्षांत ही तीस पावलं ती एकदाही चालली नव्हती. सासूचं गाठोडं पोचवायलाही ती पत्र्याच्या टोकापर्यंतच जायची.

थोरला गाडीखाली होता. त्याचे पाय दिसत होते. भिंतीवर सगळे सम पाने लहानापासून मोठ्यापर्यंत खिळ्यांना टांगलेले, मध्ये मध्ये विषमांच्या रिकाम्या जागा, पडलेल्या दातांसारख्या. एका खिळ्याला बगळ्याची मान. सासू उंबऱ्याशी शेंगा सोलत बसलेली. सम महिना होता.

"भाऊजी," धाकटी म्हणाली.

पाय हलले नाहीत. "बोल."

"बगळ्याचा अर्धा तासाभरासाठी द्या."

"नवरा कुठाय?"

"हात फुटलाय."

"जीभ तर फुटली नाही ना? दोन वर्षं ज्याला दादा म्हणायला जड जातं, त्याने बायकोला पाठवलं?"

"त्यांनी नाही पाठवलं. मीच आले."

थोरला सरपटत बाहेर आला. हुबेहूब सासऱ्यांचा चेहरा, तेच रुंद नाक. फडक्याने हात पुसत तो म्हणाला, "मुकादम माझ्याशी बोललाय. चारला गाडी इकडे येतेय. मग मी तुला माझं हत्यार देऊन माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

"तुमच्याकडे आली तरी तुम्ही तो नट कशाने सोडणार?"

"ते मी बघीन."

"गेल्या महिन्यात अशीच गाडी आली होती तुमच्याकडे. दोन दिवस उभी होती. पत्र्यातून सगळं ऐकू येतं, भाऊजी. वीतभर दांड्यावर नळी चढवत होतात आणि नळी डब्याला आपटत होती. शेवटी ब्रेकचा डबा खोललात." तिचा आवाज चढत होता आणि तिला तो चढू द्यायचा होता. "अर्धा तुमच्याकडेही नुसता टांगलेलाच आहे. आमच्याकडे वेल्डिंग आहे. दोन्ही अर्धे जोडू. चार गाड्या तुम्ही करा, चार आम्ही करू."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. क्षणभर तिला वाटलं, हा हो म्हणेल. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जसं काही पटलं की नाक जरा फुलायचं, तसं त्याचं नाक फुललं. मग जाऊ आतून दारात येऊन उभी राहिली आणि ते नाक पुन्हा बसलं.

"माझ्या वाटणीला कुणी टाका घालायचा नाही," तो म्हणाला. "त्याला यायला सांग. चार माणसांसमोर म्हणू दे की दादा, तुझ्याशिवाय माझं चालत नाही. मग बघू."

"ते नाही म्हणणार."

"मग राहू दे."

म्हातारीने शेंगांचं ताट खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. काठी उचलली. सगळ्यांना वाटलं, आत निघाली. तिने काठीच्या टोकाने खिळ्यावरची बगळ्याची मान उडवली. ती ठणकन फरशीवर पडली आणि घरंगळत धाकटीच्या पायाशी आली.

"आई!" थोरला ओरडला.

"काय आई? पाना माझ्या नवऱ्याचा. तुम्ही वाटलात तेव्हा मला विचारलं होतं? मास्तरला विचारलं. मास्तरने त्याच्याबरोबर संसार केला होता का?" मग धाकटीकडे वळून, "उचल. तोंड काय बघतेस? आणि दमाने जोड, फुगे सोडू नकोस टाक्यात."

धाकटीने पाना उचलला. थोरला दोन पावलं पुढे आला. रस्त्यावर तीन-चार जण थांबले होते. भावजयीच्या हातातून ओढून घ्यायचं तर सगळ्यांसमोर. तो थांबला. मागून त्याचं ओरडणं येत राहिलं, आधी आईला, मग बायकोला, मग कुणाला नाही असं नुसतं. धाकटी पळाली नाही. तीस पावलं मोजून चालली.

नवऱ्याने हातातली वस्तू पाहिली. "परत देऊन ये."

"सासूबाईंनी दिलाय."

"तो उद्या सगळीकडे सांगत फिरेल, धाकट्याच्या बायकोने चोरला."

"फिरू दे. आपण तोवर खडी भरत असू का गाड्या करत, एवढं सांगा."

"माझा मान..."

"मान?" ती वळली. "तुमचा मान पिंपावर झाकण सांभाळत बसलाय दोन वर्षं! अहो, नऊ पाने कापलेत तुम्ही. नऊ! तुमच्या वडिलांनी हाताने घडवलेलं हत्यार कापताना लाज नाही वाटली, आणि बायकोने जोडताना वाटते? सरका बाजूला."

तो सरकला. ड्रायव्हर आभाळाकडे बघत होता, जणू पाऊस येतोय का हेच त्याला पाहायचं होतं.

वेल्डिंग ती वाटणीनंतर शिकली होती. हाताखाली माणूस ठेवणं परवडेना, म्हणून. फाटकं, बादल्यांच्या कड्या, नांगराचे फाळ, हे सगळं आता तीच जोडायची. तिचा टाका नवऱ्यापेक्षा सरळ यायचा, हे तो कुणासमोर कबूल करत नसे. तिने दोन्ही अर्ध्यांची कापलेली टोकं घासून उतरती केली, म्हणजे टाका आतपर्यंत भरेल. फरशीवर सरळ रेघ मारून दोन्ही त्या रेघेवर ठेवले. एक टाका वर, एक खाली. काच डोळ्यांवर धरून ती वाकली. तिने सळई टेकवली.

नुसत्या टाक्यावर भरवसा नव्हता. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावून तिने मोडलेल्या हाडाला खपच्या बांधाव्यात तसा तो जोड बांधून टाकला. जोड मध्यावर येत होता, डब्याच्या बाहेर. तिथे कितीही जाड असलं तरी अडत नव्हतं. आपोआप गार होऊ दिलं. नवरा मध्येच म्हणाला, "पाण्यात घाल, वेळ जातोय." ती म्हणाली, "मघाशी एक घातलात ना पाण्यात?"

तीनला दहा मिनिटं कमी असताना ती गाडीखाली शिरली. नवऱ्याची मूठ मिटत नव्हती. तो बॅटरी धरून बाजूला आडवा झाला. मानेखाली ओली माती, डोक्यावर पाट्यांची थप्पी, गंजाचा आणि आंबलेल्या टोमॅटोचा वास. तिने बगळ्याची मान फटीतून आत घातली, वळवली, आणि ती नटावर अलगद बसली, जसं काही तिथेच राहत होती. कोपरे चोळलेले होते, तरी तिने अंगठ्याने दाबून धरली.

"ओढ," नवरा म्हणाला.

"कळतं मला."

ओढलं. काही नाही. पाय समोरच्या चाकाला लावले, पाठ जमिनीला घट्ट केली, पुन्हा ओढलं. खांद्यात कुठेतरी कट्कन झालं. टाका तुटला असं वाटून तिने डोळे मिटले. टाका तुटला नव्हता. नट हलला होता. करंगळीच्या नखाएवढा.

"हलला!" नवरा ओरडला. आवाजात दोन वर्षांत नव्हतं असं काहीतरी होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाना काढला, पुन्हा बसवला, ओढला. एका दमात तेवढंच, करंगळीएवढं. वरून टोमॅटोचं पाणी तोंडात गेलं, ते तिने थुंकलं. साठ-सत्तर वेळा तेच. प्रत्येक ओढीला तिच्या मनात कुणीतरी एक येत होतं. मास्तर, जाऊ, थोरला, नवरा, खडी केंद्राचा मालक. नट सुटून तिच्या छातीवर पडला तेव्हा मनात शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि राग मात्र होता तेवढाच होता.

पुढचं काम हातासरशी झालं. जॅकने अ‍ॅक्सल दोन बोटं पुढे रेटला, नवा सेंटर बोल्ट खाली बसला, यू-बोल्ट चढवले. चोळलेल्या नटाच्या जागी नवा नट. तोही बगळ्यानेच आवळला, करंगळी करंगळीएवढा. ठोकळे काढले. गाडी पाट्यांवर बसली, सरळ, चारही पायांवर. ड्रायव्हरने रस्त्यावर शंभर पावलं पुढे नेली, मागे आणली. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग.

मुकादमाने घड्याळ पाहिलं. चारला बारा मिनिटं कमी. "झालं," तो म्हणाला. "उद्या दुसरी पाठवतो. मग रोज एक. आठही इथेच."

ते 'इथेच' संपायच्या आत थोरला आला. मागे जाऊ, त्यांच्या मागे काठी टेकत सासू, आणि रस्त्यावरचे चारजण आता दहाजण झालेले. थोरल्याच्या हातात करवत होती.

"माझा अर्धा," तो म्हणाला. तिला नाही, भावालाही नाही, मुकादमाकडे बघत. "वाटणी झालेली आहे. साक्षीदार आहेत. कापून द्या."

सगळे धाकटीच्या नवऱ्याकडे बघायला लागले. त्याची सुजलेली मूठ छातीशी होती. तो थोरल्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत तो बायकोला म्हणाला, "देऊन टाक."

"काय?"

"त्याचा आहे. देऊन टाक. आपण नवा घेऊ कुठूनतरी."

"कुठून? उद्या सकाळी दुसरी गाडी येतेय. हाच नट आहे तिला. सातही गाड्यांना हाच आहे."

"न्याय म्हणजे..."

"तो शब्द तोंडातून काढू नका," ती म्हणाली. इतक्या शांतपणे, की जाऊ एक पाऊल मागे सरकली.

तिने बगळा उचलला. जड होता, मध्ये जाड झालेला, कुबड आल्यासारखा. थोरल्याने हात पुढे केला. नवऱ्याने, एवढं मात्र करायचं म्हणून, ठोकळा पायाने सरकवून दोघांच्या मध्ये आणला, कापायला टेकू म्हणून. ते तिने पाहिलं. दोन वर्षांत ह्या दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम ते होतं.

ती त्या ठोकळ्यावरून पाय टाकून पलीकडे गेली. ट्रकच्या केबिनची पायरी चढली, आणि ड्रायव्हरच्या मांडीवरून हात घालून बगळा सीटमागच्या पेटीत टाकला.

"ताई, हे काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"हा गाडीचा पाना. आठ गाड्यांचा मिळून एक. जी गाडी पाट्याला यायची असेल तिच्यातून पाठवायचा. काम झालं की गाडीतूनच परत." ती खाली उतरली आणि मुकादमाकडे वळली. "तुमच्या डेपोत कुलूप लावून ठेवा. ह्या दोघांपैकी कुणी मागायला आलं तर देऊ नका. आमचे हे आले तरी देऊ नका."

"ती चोरी आहे!" थोरला ओरडला. "अर्धा माझा आहे त्यात!"

"आहे ना. तो निघाला बघा. कापून घ्यायचा तर पळा मागे."

ड्रायव्हर मोठ्या तोंडाचा असला तरी मूर्ख नव्हता. त्याने गिअर टाकला. मुकादम काहीतरी बोलणार होता. त्याने बडीशेप गिळली, मोटरसायकलला लाथ मारली आणि गाडीमागे निघून गेला. ट्रक खड्ड्यांतून डुलत गेला, सरळ. वळणावर त्याचा हॉर्न वाजला.

थोरला करवत हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. नवरा त्याच्यापासून दोन हातांवर. दोघे एकाच दिशेला बघत होते, एकाच उंचीचे, एकच रुंद नाक. मग थोरला, मान न वळवता, म्हणाला, "ही तुझी बायको कुणाच्या बापाला ऐकत नाही."

"नाही ऐकत," नवरा म्हणाला. "काय करू, दादा?"

"हात दाखव."

त्याने सुजलेली मूठ पुढे केली. थोरल्याने करवत काखेत धरली आणि बोटं एकेक दाबून पाहिली. "मोडलं नाही. पाण्यात बुडवलास ना पाना? तरी मला वाटलंच. तेलात घालायचा असतो, गाढवा."

धाकटीने ते ऐकलं. दोन वर्षं तोंडं शिवून बसलेले हे दोघे तिच्या नावाने बोटं मोडायला तोंड उघडत होते. तिच्या खांद्यात कळ येत होती, केसांत टोमॅटोच्या बिया सुकत होत्या, आणि तिला ओरडावंसं वाटत होतं. पण ती खाली वाकून एकेक पाना उचलायला लागली. सतरा, एकोणीस, सत्तावीस.

सासू काठी टेकत जवळ आली. "मी उचलू लागते," ती म्हणाली.

"तुमचा महिना तिकडे चाललाय, सासूबाई," धाकटी म्हणाली, वर न बघता.

"असू दे," म्हातारी म्हणाली आणि पाने पुसायला चिंधी हातात घेऊन खाली बसली.